चकव्या म्हसोबाचा माथा

"म्याडम, आमचा देव गेला."

फोनवर माळेगव्हाणचे मोहनराव होते. फौजदार उज्ज्वला डोईफोडे रास्ता रोकोचा बंदोबस्त आटपून नुकतीच ठाण्यात येऊन टेकली होती. आधी बूट काढावेत की आधी चहा प्यावा, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. 'कुठं गेला?' असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण गावच्या पुढाऱ्याला असं विचारायचं नसतं, हे नोकरीनं तिला शिकवलं होतं.

"कधी कळलं?"

"आत्ताच. आन् चोरबी धरलाय. तुमी बिगी बिगी या, पोरं ऐकंनात."

शेवटच्या वाक्यानं ती उठली. देव आज ना उद्या सापडतो. पण गावानं धरलेला चोर पोलीस पोचेपर्यंत धड राहील, याची हमी कुणी देत नाही. चहा तसाच राहिला.

जीप शेख चालवत होता. केजचा बाजार असल्यानं रस्त्यावर शेअर जीपा माणसं लोंबकळवत चालल्या होत्या.

"कोणता देव रे हा?"

"चकव्या म्हसोबा, म्याडम. माळावरचा. रझाकारांच्या वक्ताला माळेगव्हाण जाळायला टोळी निघालती. देवानं अशी वाट चुकवली की त्यांना गाव घावलंच न्हाई. तवापासून त्याचं नाव चकव्या."

"तुला लई माहिती."

"माझ्या आजीचं माहेर तिथलं. ती बी नारळ धाडायची. गाव वाचलं त्यात तिचं घर बी होतं की."

उज्ज्वलानं डोळे मिटले. देवानं रझाकारांना चकवलं, निजामाला चकवलं, आणि आज स्वतःच कुणाच्या तरी हाती लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

मोहनरावांच्या दारात गर्दी होती. फाटकाच्या खांबाला एका मेंढपाळाचे हात मागे बांधले होते. त्याचा ओठ फुटला होता आणि पटका पायांत पडला होता. फाटकाबाहेर त्याची बायको सत्यभामा पदर तोंडात धरून उभी होती.

"हा सटवा," मोहनराव म्हणाले. "ह्यानंच नेला."

"आधी सोडा त्याला."

"म्याडम, गाव लई तापलंय. पंचांनी ठरवलंय, सांजच्याला ह्याची मेंढरं शिवंच्या बाहेर काढायची. म्हसोबाचा मानबी काढून घ्यायचा."

"सोडा म्हणते ना."

शेखनं दोर सोडला आणि सटवाला जीपमध्ये बसवलं. जीपचं दार लावल्यावर उज्ज्वलाला जरा हायसं वाटलं. मग ती घटनास्थळ बघायला आत गेली.

मोहनरावांनी माळावर नवं देऊळ बांधलं होतं. उद्या दुपारी मंत्र्यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा होती. देवाला अंगाखांद्यावरून बसेल असं चांदीचं कवच केलं होतं. रिवाजाप्रमाणे देवाला काल माळावरून घरी आणलं, दुधा-तुपानं आंघोळ घातली आणि कोठारात ज्वारीच्या राशीत निजवलं. प्रतिष्ठेआधी देवानं धान्यात मुक्काम करायचा असतो. आज सकाळी सगळं गाव कळसाच्या मिरवणुकीला वेशीत गेलं. परतल्यावर बघतात तो रास बसलेली, देव नाही.

कोठाराच्या दारात ज्वारीचे चार दाणे होते. अंगणात एकही नव्हता. फाटकापाशीही नव्हता.

"केवढा दगड होता?"

"मांडीइतका उंच. दोन गडी लागत्यात उचलायला. न्हाईतर पहार लावून एकजण लोळवत नेईल."

"सटवावर संशय कावून?"

"देव हलवायला त्याचा इरोध हुता. आन् हे बघा, ह्याच्या वाड्यात मेंढरांच्या पायाखाली घावलं."

पिशवीत शेंदराचे जाड तुकडे होते. कैक वर्षं थरावर थर चढून शेंदराचं असं कवचच झालेलं असतं. उज्ज्वलानं एक तुकडा हातात घेतला. आतल्या अंगाला दगडाचा गुळगुळीत ठसा होता. फुटलेल्या कडेवर हळदीकुंकवाचं ताजं बोट होतं आणि खाचेत एक तुळशीचं पान चिकटलं होतं.

"कवच कधी फुटलं?"

"चोरानं फोडलं आसंल," मोहनराव म्हणाले आणि गर्दीकडे बघायला लागले.

तिनं तुकडा पिशवीत ठेवला आणि जीपकडे गेली. सटवानं पटका मांडीवर घेतला होता, बांधला नव्हता.

"देव तू नेलास?"

"न्हाई."

"मिरवणुकीच्या टायमाला कुठं होतास?"

"मिरवणुकीतच. कळस पुढं, म्या त्याच्या म्होरं. पयला मान आमचा हाय."

"मग कुणीतरी बघितलंच असंल."

"समद्यांनी बघितलं, म्याडम. आता कुणाला ध्यानात न्हाई."

तो हे तक्रारीच्या सुरात बोलला नाही. पाऊस पडला नाही म्हणतात, तसं म्हणाला. उज्ज्वलाला त्याचा राग आला आणि मग गावाचा आला.

"देव हलवू नका, असं का म्हणत होतास?"

"आज्ज्यानं घालून दिलंय. देव जागचा हलवायचा न्हाई. शेंदूर उतरू द्यायचा न्हाई. दर अवसंला पयला शेंदूर आमच्या घरचा."

"कावून?"

"त्यानं सांगितलं न्हाई. आमी इचारलं न्हाई."

"काल हलवताना कवच फुटलं का?"

सटवानं मोहनरावांच्या घराकडे पाहिलं. मग पटक्याची घडी उलगडली, परत घातली.

"देव उघडा पडला," तो हळूच म्हणाला. "म्या माझी घोंगडी टाकली त्याच्यावर. मालक म्हणाले, कुठं बोलू नको. म्या बोललो न्हाई."

ओसरीवर मोहनरावांची आई विमलबाई वाती वळत बसली होती. पंचाऐंशीच्या घरातली, पाठ ताठ. शेजारी सून योगिता उभी होती.

"आई, काल देवाला आंघोळ तुमी घातली?"

"घातली. घरातल्या थोरल्या बाईचा मान आसतोय."

"दगडावर काही वेगळं दिसलं का?"

"मला काय दिसतंय, पोरी? डोळ्यात मोती पिकलेत. समोर माणूस हाय का खांब हाय, तेबी कळत न्हाई."

"आंघोळ अर्धीच झाली बघा," योगिता म्हणाली. "तूप चोळता चोळता आईंना चक्कर आली. माथ्यावर हात ठेवला आन् तशाच बसल्या. उरलेली मी घातली."

"कवचाचे तुकडे कुठं ठेवलते?"

योगिता दचकली. "ते... ताटात. देवघरात. आज सकाळी आईंनीच पूजा केली त्यांची. देवघरात आमी कुणी हात घालत न्हाई, आईंचं सोवळं लई कडक."

"मिरवणुकीला घरी कोण होतं?"

"आई. आन् त्यांच्याजवळ आमचा सालगडी, उत्तरेश्वर."

विमलबाईंची वात पुरी झाली. त्यांनी ती इतरांशेजारी ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

उज्ज्वला हात धुवायला परसात गेली. शेंदूर नखांत शिरला होता. नळाखाली धुण्याचा दगड होता. त्याच्या कडेची माती ओली आणि भुसभुशीत होती. दोन कोंबड्या तिथं चोच मारत होत्या, त्या हुसकावूनही हलेनात. तिनं हातावरचं पाणी झटकलं. ते दगडावर पडून थेंब थेंब होत घरंगळून गेलं. तिला वाटलं, आपल्या घरचाही दगड असाच असता तर कपडे लवकर वाळले असते. असले विचार दमल्यावर येतात.

उत्तरेश्वर गोठ्यात वैरण टाकत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा.

"सकाळी कोण आलं होतं घरात?"

"कोणबी न्हाई."

"देव कुणी नेला मग?"

"मला काय ठावं?"

"तुझ्या गळ्याशपथ?"

त्यानं वैरणीचा भारा खाली ठेवला. "शपथ एकदाच घेता येती, म्याडम," तो म्हणाला, आणि पुन्हा भारा उचलला.

ती परत मोहनरावांकडे आली. या वेळी तिनं त्यांना कोठारात एकटं नेलं.

"कवच काल फुटलं. तुकड्यांवर तुमच्या घरचं हळदीकुंकू आणि तुळस हाय. चोर देव फोडतो आणि मग तुकड्यांची पूजा करत बसतो, असं मला तरी ठाऊक न्हाई. आता खरं सांगा. आत काय निघालं?"

मोहनराव ज्वारीच्या राशीवरच बसले. पुढारीपण अंगरख्यासारखं गळून पडलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

फोटोत काळा, घडीव दगड होता. त्याच्यावर उर्दू अक्षरं कोरली होती.

शेखला बोलावलं. त्यानं फोटो मोठा करून बघितला. मग तो हसला. मग हसायचं थांबला.

"माळेगव्हाण," त्यानं वाचलं. "एक मैल."

"म्हंजे?"

"म्हंजे रस्त्याचा दगड हाय, म्याडम. निजामाच्या सरकारचा."

"उद्या मंत्री येणार," मोहनराव म्हणाले. "आमची निवडणूक तोंडावर. लोक म्हनतील, मोहनरावनं निजामाच्या मैलाच्या दगडाला चांदी चढवली. आमच्या घरचं कुणी हे बोलणार न्हाई. पण देव म्या चोरला न्हाई हो. मला तर तो गपगुमान चांदीच्या कवचात घालून बसवायचा हुता."

उज्ज्वलाचा त्यांच्यावर विश्वास बसला. लबाड माणूस खोटं बोलतो तेव्हा स्वतःलाच अडचणीत आणत नाही.

पण तिला दुसरंच खटकलं होतं. म्हसोबाचा माळ गावाला लागून होता, शाळेच्या मागे. गाव एक मैल लांब आहे असं सांगणारा दगड गावाच्या दाराशी कशाला कोण रोवील?

ऊन कलायला लागलं होतं. सटवाच्या मेंढ्या वाड्यात ओरडत होत्या, कारण त्यांना चरायला सोडणारा जीपमध्ये बसला होता. सत्यभामा दोन नव्या कोकरांना आयांच्या अंगाला लावत होती. गावातली चार पोरं काठ्या घेऊन बांधावर येऊन बसली होती, सांज होण्याची वाट बघत. उज्ज्वलानं त्यांच्याकडे बघितलं, तशी ती जरा लांब सरकली.

"उद्या निघायचं होतं आमाला," सत्यभामा म्हणाली. "खाली उसाच्या पट्ट्यात. आता शिवंच्या बाहेर काढल्यावर कुठं जावं? वली बाळंतीण मेंढरं हायत, ताई. रस्त्यात मरतील."

"दरसाली कुठून जाता?"

"सडकंनं. पयला फाटा आपला, दुसरा बोरसावंगीचा. बोरसावंगीच्या शिवंत एक मेंढरू सोडायचं आन् मग म्होरं जायचं."

"विकायचं?"

"न्हाई, सोडायचं. गाभण मेंढी. माघारी वळून बघायचं न्हाई. त्या गावचं पाणीबी प्यायचं न्हाई. सासऱ्याचा आज्जा... न्हाई, ह्यांचा आज्जा, गहिनीनाथबाबा, त्यानं घालून दिलंय."

"कावून?"

"ताई, तुमी सारखं कावून म्हणताय. रीत हाय."

उज्ज्वलानं शेखकडे पाहिलं. शेख माळाकडे बघत होता, जिथं आता देवाच्या जागी खड्डा होता.

"बोरसावंगीत काय झालतं रे?"

"जळालं की ते," शेख म्हणाला. "त्याच वक्ताला. माझी आजी सांगायची, आमचं वाचलं पण बोरसावंगी बेचिराख झालं. लई माणूस गेलं."

"मोठ्या बाईंचं माहेर ते," सत्यभामा म्हणाली. "म्हणून तर म्हसोबावर लई जीव त्यांचा. सून होऊन आल्यापास्नं पयला नारळ त्यांचाच."

उज्ज्वला जीपकडे वळली. तिला सगळं कळलं होतं आणि कळल्याचा आनंद अजिबात झाला नव्हता. गुन्हा उलगडला की इतर अधिकारी चहा मागवतात. तिला मुकाट घरी जावंसं वाटत होतं.

तिनं सटवाला जीपमधून उतरवलं आणि परसात नेलं. मोहनराव, योगिता आणि उत्तरेश्वरला बोलावलं. विमलबाईंना योगितानं हाताला धरून आणलं. फाटक शेखनं लावून घेतलं.

"देव ह्या घरातनं बाहेर गेलाच न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "ज्वारीतनं निघालेला दगड दाणे सांडत जातो. अंगणात दाणा न्हाई, फाटकात न्हाई. इथं मात्र कोंबड्या दाणे टिपतायत, हुसकावल्या तरी हलत न्हाईत."

तिनं नळाखालचा तांब्या भरला आणि धुण्याच्या दगडावर ओतला. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं.

"धुण्याचा दगड पाणी पितो. हा पीत न्हाई. हा इतक्या वर्षांचं तेल-शेंदूर प्यालाय आणि काल दूध-तूप. उत्तरेश्वर, ह्याला उताणा कर."

उत्तरेश्वर जागचा हलला नाही. त्यानं विमलबाईंकडे पाहिलं.

"कर रे," विमलबाई म्हणाल्या. "तुझी शपथ सुटली."

त्यानं पहार घातली. दगड पालथ्याचा उताणा झाला. मातीत दबलेली उर्दू अक्षरं वर आली. योगितानं तोंडावर हात धरला.

"तुम्ही सगळ्यांनी धुण्याच्या दगडाकडं पाहिलं, पण ज्यावर रोज धुणं आपटतात त्यात देव कोण शोधील?" उज्ज्वला म्हणाली. "उत्तरेश्वर, तुला काय सांगितलं होतं?"

"आई म्हणाल्या, देव उघडा पडलाय, त्याला असा ठेवू नये. जुना दगड काढून त्याच्या जागी पालथा घाल. आन् तुकडे सटवाच्या वाड्यात ठिव, शेंदराचा मान त्याचा हाय." त्यानं पहार खाली ठेवली. "मला वाटलं, मानाचं ते मानकऱ्याला. त्याला मारत्याल हे ठावं नव्हतं, म्याडम. मग बोलाया गेलो, तर शपथ आडवी आली."

"आई!" मोहनराव ओरडले. "तू? कावून?"

विमलबाई खाली बसल्या. त्यांनी हात पुढे केला, दगडाचा माथा चाचपला आणि बोट एका रेघेवरून फिरवायला लागल्या. उज्ज्वला वाकली. माथ्यावर विळ्याच्या टोकानं कोरल्यासारखा वाघ-बकरीच्या खेळाचा पट होता. वरचं तिकोनी घर पुरं होतं. त्याखालच्या रेघा निम्म्यातच थांबल्या होत्या.

"आई, मी सांगू का तुमी सांगता?"

"तू सांग. मला दम लागतोय."

"हा दगड सडकेवर माळेगव्हाणच्या फाट्याला होता," उज्ज्वला म्हणाली. "गाव इथून एक मैल, हे सांगायला. टोळी येणार अशी खबर आली. तेव्हा सटवाच्या पणज्यानं... "

"आज्ज्यानं," सटवा म्हणाला.

"आज्ज्यानं तो उपटला आणि पुढच्या फाट्याला नेऊन रोवला. बोरसावंगीच्या. टोळी परमुलखातली. तिनं दगड वाचला आणि ते माळेगव्हाण समजून आत शिरली. गाव वाचलं. पण सरकारी दगड हलवला, त्याची चौकशी होणार. म्हणून गहिनीनाथबाबानं तो परत आणला, माळावर पुरला आणि शेंदूर फासला. शेंदूर लागलेल्या दगडाला कोण हात लावतंय? लोक पाया पडायला लागले. देव जागचा हलवायचा नाही आणि शेंदूर उतरू द्यायचा नाही, ही रीत तिथून आली. देवानं वाट चुकवली, ही गोष्ट खोटी नाही. फक्त वाट कुणाच्या दारात गेली, ते कुणी सांगितलं नाही."

सटवाच्या हातातला पटका खाली पडला.

"म्हणून मेंढरू," तो म्हणाला.

"म्हणून मेंढरू. बोरसावंगीचं पाणी तुझ्या आज्ज्याच्या घशाखाली उतरलं नाही."

मग विमलबाई बोलल्या. आवाजात रडणं नव्हतं.

"दिस मावळताना आमच्या फाट्याला नवा दगड दिसला. आमी पोरं धावत गेलो. माझा भाऊ रामहरी, त्याच्याजवळ विळा हुता. म्हणाला, माथा लई सपाट हाय, पट काढू. वाघाचं घर काढून झालं. बकऱ्यांची घरं राहिली. आईनं हाक मारली. रामहरी म्हणाला, उद्या पुरा करू." त्या जरा थांबल्या. "सकाळी दगड न्हवता. रामहरीबी न्हवता. मी सांगायची, तिथं दगड हुता. लोक म्हणायचे, पोरगी भ्यालीय. हयातभर मी म्हणत आले की मीच भ्याले आसंन. आन् हयातभर ह्याच दगडाला नारळ फोडत आले. काल तूप चोळताना बोटाला वाघाचं घर लागलं."

गोठ्यातली म्हैस तेवढी साखळी ओढत होती.

"त्याला उद्या चांदीत मढवायचं हुतं माझ्या पोराला," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं, न्हाई. ह्याच्यावर आता धुणं आपटायचं."

"ते मला कळतंय," उज्ज्वला म्हणाली. ती त्यांच्यासमोर मातीतच बसली. "पण तुकडे सटवाकडं का धाडले? आज त्याला ओठ फुटेस्तोवर मारलं, ते तुमाला ऐकू आलं असंल. त्याची बायको फाटकात रडत होती. सांजच्याला त्याचा कळप बाहेर काढणार होते. तुमी वाती वळत बसला होता."

"त्याच्या आज्ज्यानं टोळीला आमच्याकडं धाडलं. म्हणलं, नातवाला कळू दे, दुसऱ्याचं आपल्या दारात आलं की कसं वाटतंय."

"आई," उज्ज्वला म्हणाली, "मग दगड तुमीबी हलवला की. ह्या घराच्या वाटंवरनं उचलला आन् सटवाच्या वाटंवर रोवला. गहिनीनाथबाबानं तरी गाव वाचवायला हलवला होता."

विमलबाईंचा हात पटावर थांबला. चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांची ताठ पाठ वाकली आणि त्या अशा रडल्या की मोहनरावांना कुठं बघावं ते कळेना. इतक्या वर्षांचं रडणं होतं ते. आठ वर्षांच्या पोरीचं.

सटवा पुढं आला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला.

"माय, म्या काय करू?"

"तू काय करणार, लेकरा? तू तवा जल्माला न्हवतास." त्यांनी चाचपत त्याचा चेहरा शोधला. बोट फुटलेल्या ओठाला लागलं, तसा त्यांनी हात झटकन मागं घेतला. "म्या केलं हे. फौजदारीण बाई, माझ्यावर घ्या काय घ्यायचं ते."

"आपल्याच घरातला दगड परसात ठेवला, ह्याची चोरी होत न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "खोटा आळ घेतला, त्याचं सटवानं ठरवायचं."

"माझी कायबी तक्रार न्हाई," सटवा म्हणाला. "मेंढरं तेवढी सोडू द्या. सकाळपासनं उपाशी हायत."

"पण मारलं त्यांची नावं मला पायजेत, मोहनराव. आणि आत्ता गावापुढं तुमी स्वतः सांगायचं की सटवा निर्दोष हाय. देव घरातच होता, एवढं सांगितलं तरी चालंल. पण आत्ता. बांधावर काठ्या घेऊन बसलेत ते सांज व्हायच्या आत घरी गेले पायजेत."

मोहनरावांनी मान हलवली. फाटकापर्यंत जाऊन ते परत आले.

"आई, उद्याचं काय? मंत्री येणार. कवच तयार हाय. बसवू का नको बसवू?"

उज्ज्वलाला वाटलं, आता ही बाई नको म्हणेल, आणि तसं म्हणायचा तिला पुरता हक्क होता. विमलबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"बसव," त्या म्हणाल्या. "ह्यानं एक गाव वाचवलं, हे काय खोटं हाय? पण चांदी न्हाई. आन् माथा उघडा ठेव."

"लोक इचारतील."

"इचारू दे. मी बसते तिथं. मी सांगीन."

परतताना शेख रस्त्याकडेचे दगड बघत जीप चालवत होता. सडकेवर पहिला फाटा आला, मग दुसरा. दुसऱ्या फाट्याला त्यानं जीप आपसूक हळू केली. तिथं आता किलोमीटरचा पिवळा-पांढरा दगड होता आणि त्यावर एक कावळा.

"माझ्या आजीला हे ठाऊक आसंल का, म्याडम?"

"ठाऊक नसंल. असतं तर तिनं दुसरा नारळ बोरसावंगीलाही धाडला असता."

दुसऱ्या दिवशी ती बंदोबस्ताला पुन्हा माळेगव्हाणला होती. मंत्री उशिरा आले, घाईत बोलले आणि घाईत गेले. चांदीच्या कवचाचं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. देवळाच्या पायरीवर विमलबाई बसून होत्या आणि एकेक बाई येऊन त्यांच्याजवळ बसत होती, ऐकत होती, उठून डोळे पुसत जात होती.

सटवाचा कळप सडकेला लागायला तयार उभा होता. निघण्याआधी रिवाजाप्रमाणे पहिला शेंदूर त्याचा होता. त्यानं वाटीत तेल कालवलं आणि देवाच्या चारी अंगांना बोटांनी नीट फासलं. उर्दू अक्षरं हळूहळू शेंदराखाली गेली. माथ्याला त्यानं हात लावला नाही.